हाताला ठाऊक

सोमवारी सकाळी खडकनगरच्या प्रणाली विभागात कोणी डोकावलं, तर पाच शहाणीसुरती माणसं भिंतीकडे तोंड करून कळफलक बडवताना दिसत. नवख्याला वाटे, यांचं डोकं फिरलंय. प्रत्यक्षात ती माणसं पासवर्डची उजळणी करत असत.

खडकनगर मनमाडच्या पठाराखाली काळ्या कातळात कोरलेलं होतं. वरचा उन्हाळा सोसेनासा झाला तेव्हा माणसं खाली उतरली. खाली गारवा होता, पण हवा यंत्रांनी खेळवावी लागे, आणि त्या यंत्रांची गुरुकिल्ली म्हणजे एक लांबलचक पासवर्ड. तो एकाच माणसाकडे ठेवणं किती महागात पडतं, हे शहराला एकदा कळलं होतं. चोरांनी त्याच्या गळ्याला सुरी लावली आणि त्याने पासवर्ड सांगून टाकला. कोणीही सांगितला असता.

मग डॉ. इसाक पेणकरांनी युक्ती काढली. पासवर्ड कूटबद्ध करून, म्हणजे निरर्थक अक्षरांचं कडबोळं करून, संगणकातच ठेवला. तो उलगडणाऱ्या किल्लीचे गणिताने पाच हिस्से केले. कोणतेही तीन जुळले की किल्ली तयार. दोघांच्या हिश्शांतून मात्र काहीच हाती लागत नाही. हे हिस्से त्यांनी कुठे लिहिले नाहीत, तर स्वतःसह विभागातल्या पाच जणांच्या बोटांना शिकवले. पडद्यावर ठिपके पडायचे, त्या तालावर कळा दाबायच्या, असं कित्येक महिने. याला ते हस्तस्मृती म्हणत.

विभागप्रमुख वैजयंती खिलारेच्या घरी ते जेवायला आले होते, तेव्हा तिच्या नवऱ्याने, श्रीपतीने, त्यांना छेडलंच. "म्हणजे हिला स्वतःलाच पासवर्ड माहीत नाही? कमाल आहे, डॉक्टर!"

"तुझी बेकरी आहे ना? पावाचं पीठ मळून झालं, हे तुला कसं कळतं?"

"हाताला कळतं."

"शब्दांत सांग बघू."

श्रीपतीने हवेतच पीठ मळून दाखवलं.

"तसंच हे. शिवाय माणूस घाबरला की बोटांचा ताल मोडतो. सुरी लावा नाहीतर बंदूक, हात चालणारच नाही."

श्रीपतीला ते फार आवडलं होतं.

पुढे एका गुरुवारी संगणकात नवी आज्ञावली बसवताना गफलत झाली आणि शाळेच्या बोगद्याची हवा बंद पडली, दरवाजेही अडकले. आत मुलं होती. त्यांत वैजयंतीची कस्तुरी होती. विभागातले दोघे वर पठारावर सौरपत्रे दुरुस्त करत होते. ते खाली येईपर्यंत बोगद्यातली हवा संपली असती. उरले पेणकर, यास्मिन मुजावर आणि वैजयंती.

पेणकरांचा हात चालला. त्यांच्या घरचं कोणी आत नव्हतं. यास्मिनचाही चालला. वैजयंतीच्या पडद्यावर लाल दिवा लागला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा चुकली असती तर यंत्रणेने तासभर कोणाचंच ऐकलं नसतं.

श्रीपती पिठाच्या हातांनीच धावत आला. "वैजू, काय करतेयस? उघड ना!"

"हात चालत नाहीये."

"डॉक्टर, दुसरी काहीतरी वाट असेल!"

"वाट ठेवली असती तर ती चोरांनाही सापडली असती," पेणकर म्हणाले. "हाताला भीती कळते, श्रीपती. सुरी कोणाच्या गळ्याला आहे, ते कळत नाही."

वैजयंतीने वळून विचारलं, "भीती नसली तर चालेल ना, सर?"

"आई आहेस तू. नसेल कशी?"

"ते मी बघते. श्रीपती, तू बाहेर जा."

"अगं, पण..."

"बाहेर जा म्हटलं ना!"

तिने डोळे मिटले. भीती कशाची? कस्तुरी जाईल याची. मग ती गेलीच, असं तिने ठरवलं. वरवर नाही, अगदी पुरतं ठरवलं. तिचा निळा डबा आता कोणी भरत नाही. तिची चादर घडी करून वरच्या फळीवर गेली आहे. बेकरी बंद ठेवून श्रीपती भिंतीशी बसला आहे. भेटायला आलेली माणसं येऊन गेली. आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही.

तिची बोटं सरसर चालली. दिवा हिरवा झाला.

कस्तुरी बाहेर आली ती घामेजलेली, बुटाची नाडी सुटलेली. वैजयंतीने तिला इतकं आवळून धरलं की ती कुरकुरली. सगळ्या गल्लीला श्रीपतीने फुकट केक वाटला.

पुढच्या सोमवारी उजळणीला बसल्यावर मात्र वैजयंतीचा ताल जुळेना. भीती नव्हती, घाई नव्हती, तरी दिवा लालच. पेणकरांनी दिवसभर चाचण्या घेतल्या आणि शेवटी चष्मा काढून ठेवला.

"जिवावरच्या क्षणी शिकलेलं एका झटक्यात पक्कं होतं. हाताने त्या दिवशीचं तुझं मनही तालाबरोबर उचललंय. आता तसं मन झालं, तरच तो चालेल. वैजयंती, तू सोड हे काम. नवा माणूस तयार करू."

"किती दिवसांत?"

"वर्ष तरी लागेल."

"आणि तोवर पुन्हा दोघे वर असताना हवा बंद पडली तर?"

वैजयंतीने खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटले.

तेव्हापासून दर सोमवारी डोळे मिटून ती कस्तुरी गेलीच, असं पुरतं ठरवत आली. घरी ती अवाक्षर बोलली नाही. पेणकरांनाही तिने तशी शपथ घातली.

एका सोमवारी ती निघताना कस्तुरी निळा डबा घेऊन दारात उभी राहिली.

"आई, सोमवारी माझा डबा नेहमी बाबाच का भरतो? तू का नाही भरत?"

"मला घाई असते गं," वैजयंती म्हणाली आणि तिच्याकडे न बघताच बाहेर पडली.

त्या सकाळी तिचा ताल पहिल्याच प्रयत्नात जुळला. डोळे मिटायचीसुद्धा गरज पडली नाही.