धरणावर पाठवलेली माणसं

माझा मुलगा रुद्र त्या पांढऱ्या ईको गाडीच्या टायरला कान लावून आडवा झाला, तेव्हा मी माझं नेहमीचं वाक्य तयार ठेवलं. ‘त्याला ऑटिझम आहे, तो वाया गेलेला नाही, तुमचं काही नुकसान करणार नाही.’ एसटीत, दवाखान्यात, बारशाला, सगळीकडे मी ते एका दमात म्हणते. मग समोरचा माणूस ‘अरेरे’ करतो आणि माझं डोकं फिरतं.

हा माणूस गाडीच्या दाराला टेकून उभा होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातांवर भाजल्याचे जुने डाग. त्यानं रुद्रकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पुढचा जास्त आवडला त्याला, का मागला?”

“त्यालाच विचारा.”

“विचारला. तो कामात हाय.”

मला हसू आलं. त्या रविवारी पळसदरीच्या धरणावर मी हसले हे नवलच, कारण मी तिथं फिरायला आले नव्हते. मला घरातून घालवलं होतं.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे मुली बघायचे कार्यक्रम सुरू होतात. आज माझ्या धाकट्या बहिणीला, सोनालीला, बघायला लोधिवलीचे पाहुणे येणार होते. सकाळी आई म्हणाली, “हर्षला, रुद्रला घेऊन धरणावर जा गं. थोरली कामाला गेलीय, असं सांगीन. पाहुणे गेले की फोन करते.” रुद्रचा बाप ‘असलं पोर आमच्या घराण्यात कधी झालं नाय’ म्हणून निघून गेला, त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी मी त्याला दारात उभं राहून जे सुनावलं, ते अख्ख्या आळीनं ऐकलं होतं. आणि आज बहिणीचं जमू दे म्हणून मी मुकाट्यानं डबा भरून निघाले होते. मला माझाच राग येत होता.

गाडीच्या मागच्या सीटवर अकरा-बारा वर्षांची मुलगी बसली होती. कानांवर मोठे हेडफोन. एका बाटलीतलं पाणी दुसरीत ओतत होती, परत पहिलीत. थेंब सांडत नव्हता.

“माझी ओवी,” तो म्हणाला. “गाणी नाय ऐकत. जगाचा आवाज कमी करायला लावते… तुमचा किती शब्द बोलतो?”

लोक विचारतात, बोलतो का? किती, असं कुणी विचारलं नव्हतं.

“अकरा. त्यातले चार गाड्यांचे.”

“हिचे सात. त्यातला ‘नको’ दिवसभर पुरतो. खातो काय?”

“पांढरा भात आणि पापड. भाताला डाळ शिवली तर ताट परत.”

“मी आचारी हाय, चौक गावाजवळच्या हॉटेलात. दीडशे माणसांना जेवू घालतो आणि घरी पोरगी मला नापास करते.”

“रोज?”

“रोज. पण मी परीक्षेला बसतो.” त्यानं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. “आणि तुमी काय खाता?”

“त्याचं उरलेलं.”

“मग तुमच्यासाठी कुणीतरी मुद्दाम रांधायला पायजे…” तो पाण्याकडे बघत म्हणाला. मीही पाण्याकडेच पाहिलं. माझे कान तापले होते, आणि ते उन्हानं नव्हे.

तेवढ्यात फोटो काढायला आलेल्या एका बाईनं आपल्या मुलाला रुद्रजवळून ओढलं. “इकडे ये, त्याच्या जवळ जाऊ नकोस.”

“ताई, त्याची लागण होत नाही,” मी मोठ्यानं म्हटलं. “तुमच्या स्वभावाची होते, म्हणून मीच त्याला लांब ठेवते.”

बाई तरातरा निघून गेली. तो हसला, पण मग त्याचा चेहरा उतरला.

“मला हे कधी जमलं नाय,” तो म्हणाला. “बायकोला सगळे म्हणायचे, तुझ्याच पोटाचा दोष. मी तिथंच बसलेला असायचो… गप. शेवटी ती गेली. आता वाशीला हाय, दुसरं लग्न झालं. तिची काय चूक नाय.”

मी त्याला ‘असू दे’ म्हटलं नाही. असू देण्यासारखं ते नव्हतंच. पण स्वतःची चूक इतकी सरळ सांगणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो मला आवडला. लपवण्यात काय अर्थ आहे?

“आज मग सुट्टी?” मी विषय बदलला.

“कसली. धाकट्या भावासाठी मुलगी बघायला आलोत. गाडी चालवायला मीच लागतो, आणि ओवीला माझ्याशिवाय कोण सांभाळणार? सगळ्यांना मुलीच्या दारात उतरवलं, तर आई बोलली, साईनाथ, तू धरणावर थांब. तिकडं सांगितलंय, गाडीत ड्रायव्हर हाय.”

मी त्याच्याकडे वळले. “लोधिवलीचे? भावाचं नाव अक्षय?”

“तुमाला कसं ठाऊक?”

“मी मुलीची थोरली बहीण. सध्या कामाला गेलेय.”

मग आम्ही दोघं एवढे हसलो की ओवीनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

हसणं ओसरलं आणि मला संताप आला. दोन्ही घरांनी एकच गोष्ट लपवली होती आणि आता समोरासमोर बसून एकमेकांच्या चांगुलपणाचं कौतुक करत असतील.

“गाडी काढा,” मी म्हटलं.

“अक्षयचं मोडेल.”

“सोनालीचंही मोडेल. पण आज गप्प बसलो तर लग्नातही ह्या दोन्ही पोरांना खोलीत कोंडतील. मग बारशाला. मग कायमचं.”

त्यानं हातातल्या किल्लीकडे पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं. “बसा,” तो म्हणाला.

आमच्या ओसरीवर पोह्यांच्या बशा फिरत होत्या. मला बघून माझ्या आईचा रंग उडाला, त्याला बघून त्याच्या आईचा.

“मी ड्रायव्हर नाय,” तो म्हणाला. “अक्षयचा थोरला भाऊ. ही माझी पोरगी, ओवी.”

“आणि मी कामाला गेले नव्हते,” मी म्हटलं. “हा माझा रुद्र.”

रुद्रला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तो पाहुण्यांच्या चपला रांगेत लावायला बसला.

सोयरीक आणणारे चांगोमामा सावरून बसले. “दोनी घरात असली पोरं? मंग ही सोयरीक नको. रक्तातला दोष हाय, पुढं वंशाचं काय?”

माझं उत्तर जिभेवर होतं, पण साईनाथ आधी बोलला.

“मामा, असं बोलणं मी एकदा ऐकून घेतलं आणि माझं घर गेलं. आता नाय ऐकणार. माझी पोर दोष नाय. आई, तू पण ऐक.”

मग अक्षय उठला, त्यानं आपली खुर्ची भावापुढे सरकवली. “दादा, बस. ड्रायव्हर सांगूया, हे मीच बोललो होतो. चुकलो.”

सोनालीनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “मामा, घाई करू नका,” ती म्हणाली. “मला यांच्याशी अजून बोलायचंय.”

साईनाथ खुर्चीत बसला नाही. तो माझ्याकडे वळला. “त्यांचं ते बघतील. माझं मी सांगतो. मला तुमी आवडलात. बुधवारी माझी सुट्टी असते. बुधवारी मी तुमाला बघायला येऊ? ओवीला घेऊन…”

आई पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती. माझे वडील, आबा, खाली मान घालून बसले होते. मी माझ्या नेहमीच्याच आवाजात म्हटलं.

“या. फक्त दार लावून बसायचं नाही. आई, शेजारीपाजारी सांगून ठेव. ज्याला ज्याला आमची पोरं बघायचीत, त्यानं बुधवारी यावं आणि उजेडात नीट बघून जावं.”