डाव्या हाताचा विळा

पहिल्याच मुठीला विळा घसरला आणि तिच्या उजव्या हाताच्या बोटातून रक्त आलं. बोट तोंडात धरून ती तडक बांधावरच्या झाडाखाली गेली. तिथं एक नवखा धारवाला पायानं चाक फिरवत बसला होता. ठिणग्या उडत होत्या.

"ही धार कोणी लावली?"

"मीच. का?"

"डोळे मिटून लावता का हो?"

त्यानं आधी विळ्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटाकडे आणि मग... तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

"डावऱ्या आहात?"

"सगळ्यांना माहीत आहे. नावच पडलंय माझं, डावरी."

"मला कोणी सांगितलं नाही. मी उजव्या हाताची धार लावली." त्यानं गळ्यातल्या रुमालाची पट्टी फाडून तिच्या बोटाला गुंडाळली. "चूक माझी. रक्त तुमचं. हे काही बरं नाही झालं."

तिला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. ते तिनं ओठातच दाबलं.

त्यानं पातं उलटं धरून दुसऱ्या बाजूनं धार काढली आणि विळा तिच्या डाव्या हातात दिला. मूठ तिच्या हाती गेली, तरी त्याची बोटं सुटायला थोडा उशीरच झाला.

त्या दिवशी थोरल्या काकांचा गहू कापायचा होता. इथं सगळे सावडीनं कापणी करायचे. आज सगळे याच्या शेतात, उद्या त्याच्या. बाबा होते तोवर बाबा जायचे. या हंगामात त्यांच्या जागी ती गेली. ज्याची पाळी आली त्याच्या शेतात उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत वाकली. उद्या पाळी तिची होती.

दुपारी सगळे त्याच झाडाखाली पंगतीला बसले. काकू वाढत होत्या. काका भाकरी मोडत म्हणाले, "उद्या डावरीकडे. दुपारपर्यंतच हं. मग पुढच्या शेतात."

तिचा घास हातातच राहिला. "दुपारपर्यंत का?"

"बाईमाणसाचा दिवस अर्धा धरतात, पोरी. आधीपासून असंच आहे."

हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांच्या फायद्याचा होता त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ज्यांच्या पाठी मोडल्या त्यांना कोणी विचारलं नाही.

ती उभी राहिली. "काका, मी तुमच्या पेंढ्या अर्ध्या बांधल्या का? माझ्या बोटातून रक्त अर्धं आलं का?"

काकांनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. आभाळाच्या कडेला काळं दाटत होतं. अर्धा गहू उभा राहून भिजला तर बियाणंही हाती लागणार नव्हतं, आणि एवढ्याशा रानात एक हंगाम बुडाला की रान विकावंच लागतं. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"एकटीनं कशाला ओढतेस?" काका म्हणाले. "विकून टाक. सुखानं लग्न कर."

"बाबांना म्हणाला असता असं?"

काकूंच्या हातातला डाव आपटला. धारवाल्याचं चाक थांबलं. पण तोही बोलला नाही... तेच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी वाटेत त्याला गाठून ती म्हणाली, "तोंड शिवून बसला होता की काय?"

"मी बोललो असतो, तर म्हणाले असते, पोरीला बोलायलाही पुरुष लागतो."

ती हळूच म्हणाली, "कधी निघताय इथून?"

"उद्या निघायचं होतं."

"होतं?"

तो चाक खांद्यावर घेऊन चालायला लागला. मागं वळून मात्र पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली आणि माणसं खरंच निघाली. कोणी विळा पुसत, कोणी तिची नजर चुकवत. अर्धं शेत उभं होतं. वारं सुटलं होतं, ओंब्या एकमेकींवर आपटत होत्या. ती रडली नाही. खाली वाकली आणि कापायला लागली. दुसरं करणार तरी काय?

बांधावरून आवाज आला. "अगं डावरे, कडेनं कापतेस की मधनं?"

काकू होत्या. पदर खोचलेला, हातात विळा. मागं आळीतल्या सगळ्या बायका.

"काकू, काका काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. आज चूलही अर्धीच पेटणार आहे." काकू वाकल्या. "इतकी वर्षं अर्धी होते मी. मला कोणी मोजलंच नाही, तर आज मी कुठं गेले हे तरी कोणाला कळणार?"

बायका हसल्या. त्या हसण्यात राग होता. विळे सपासप चालायला लागले.

शेताच्या पार दुसऱ्या टोकाला एकजण वाकला होता. चाक बांधावर उभं करून धारवाला उजव्या हातानं कापत येत होता, आणि ती डाव्या हातानं त्याच्याकडे. मधला गहू कमी कमी होत गेला. शेवटची मूठ राहिली तेव्हा दोघांचे हात एकदमच त्या मुठीवर पडले.

"सावड आहे ही," ती धापा टाकत म्हणाली. "मला फुकटचं नको. तुमचं शेत कुठं?"

"शेत नाही. चाक आहे."

"मग मी चाक फिरवीन."

"अर्धा दिवस?"

"परत म्हणून बघ!"

तो हसला, मग गंभीर झाला. "मी एका जागी कधी राहिलो नाही. राहता येतं का, तेही माहीत नाही. पण कालपासून... पाय उचलत नाही माझा."

"रान माझ्याच नावावर राहील. मी कोणाच्या मागं जाणार नाही."

"तू चल म्हटलंच नाही मी. मी राहू का, एवढंच विचारतोय."

तिनं शेवटची मूठ कापली, पेंढी बांधून त्याच्या हातात दिली. बायकांनी शेवटचा भारा शेताला लागूनच्या तिच्या घराच्या पडवीत टाकला आणि पहिले टपोरे थेंब आले.

चाक बांधावरच होतं.

"भिजतंय ते," ती म्हणाली. "आत आण."

चाक छातीशी धरून तो उंबऱ्याशी थबकला. "कुठं ठेवू?"

आत उजवीकडच्या खुंटीला बाबांचा विळा होता. तिनं त्या विळ्याकडे एकदा पाहिलं.

"डाव्या हाताला ठेव," ती म्हणाली. "ती बाजू माझी आहे."