राणीचा रंग गेला

"ताई! अपेक्षाताई! राणीचा रंग जायलाय!"

पिंकीची किंकाळी ऐकून अपेक्षा हातातलं पुस्तक टाकून अंगणात धावली. मागोमाग पिंकीचा भाऊ आदिनाथ. घमेल्यात राणी लटपटत उभी होती आणि घमेल्यातलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं!

"म्या कायबी केलं न्हाई!" नऊ वर्षांची पिंकी रडवेली झाली. "लय गरम व्हायलं होतं तिला. साबण लावून आंघोळ घातली, बस!"

राणी घरात येऊन चारच दिवस झाले होते. काळीभोर, तळहातावर मावेल एवढी, भुवयांवर आणि पायांवर तांबूस ठिपके, मेणबत्तीच्या ज्योतीसारखे उभे कान. सूर्यभान नावाच्या माणसाने ती पिंकीच्या वडिलांना, म्हणजे अपेक्षाच्या भागवतमामाला भेट दिली होती. हा सूर्यभान दोन महिन्यांपूर्वी येलदरीत आला, धरणाच्या वाटेवरचं कोंबड्यांचं रिकामं शेड त्याने भाड्याने घेतलं आणि बाहेर पाटी लावली : 'अस्सल लंडनचे टॉय टेरियर'.

"दीड वर्षाची आहे, पूर्ण वाढ झालेली," राणी देताना तो म्हणाला होता. "दिवसातून दोनदा अर्धा चमचा दूध. जास्त दिलंत तर पोट फुटून मरेल!"

अपेक्षाने राणीला टॉवेलमध्ये गुंडाळलं. टॉवेलही काळा झाला. भुवयांचे ठिपके तर पुसूनच गेले. बोटाला मेंदीचा वास आला. मग तिने कान चाचपला. कानाच्या आत चिकटपट्टी होती आणि पट्टीखाली झाडूची काडी. पट्टी सोडवल्याबरोबर कान मटकन खाली पडला. आतली कातडी लालबुंद सोलवटली होती.

"हे कसलं लंडन?" आदिनाथ म्हणाला. तो बारा वर्षांचा, अपेक्षापेक्षा एका वर्षाने लहान. "तुज्या पुस्तकात बघ की!"

परभणीहून सुट्टीला येताना अपेक्षाने शाळेच्या वाचनालयातलं कुत्र्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. तिने भराभर पानं उलटली.

"हे बघ, टॉय टेरियर. 'दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात या कुत्र्यांना उंदीर मारायला लावत. कठड्याच्या आत शेकडो उंदीर सोडायचे, वर माणसं घड्याळ धरून उभी. अडीच किलोच्या एका कुत्र्याने तासाभरात दोनशे उंदीर मारले.'"

"दोनशे? आपल्या ज्वारीच्या कोठीत सोडा की त्याला!"

"ऐक तरी! 'पुढे श्रीमंत बायकांना मांडीवर घ्यायला आणखी लहान कुत्री हवी झाली. लहानात लहान नर-मादी निवडून पिल्लं काढत गेले. शेवटी कुत्री इतकी बारकी झाली की कायम थरथरायची, केस गळायचे, पाय मोडायचे. आता अडीच-तीन किलोच्या खालचा कुत्रा चांगला मानत नाहीत.'"

आदिनाथ पळत जाऊन शेजारच्या कोळ्यांकडून मासळी तोलायचा काटा घेऊन आला. राणी भरली चारशे ग्रॅम!

"आणि हे ऐक," अपेक्षाचा आवाज बारीक झाला, "'सहाव्या महिन्यापर्यंत दुधाचे दात पडतात.'" तिने राणीचा ओठ हळूच उचलला. आत सुईच्या टोकासारखे इवलेसे दात. "आदिनाथ, ही दीड वर्षाची नाही. दीड महिन्याची आहे!"

आदिनाथचे डोळे विस्फारले. "ताई, भुरीची पिल्लं!"

बसस्टँडवरच्या भुरी कुत्रीची पाच पिल्लं सहा दिवसांपूर्वी एकाएकी नाहीशी झाली होती. कोल्ह्याने नेली, असं सगळं गाव म्हणत होतं.

दुपारी गाव झोपलं तशी तिघं धरणाच्या वाटेला लागली. मे महिन्याचं ऊन डोक्यात घुसत होतं. शेडच्या तारेबाहेर भुरी दिसली. ती पुढच्या पायांनी तारेखालची माती उकरत होती. जमीन दगडासारखी, तिची नखं तुटून रक्त आलं होतं. मागचा एक पाय तिने वर उचलून धरला होता आणि भोवती दगड पडले होते.

"कुणी तरी मारलेत तिला," पिंकी पुटपुटली.

तारेतून आत शिरून त्यांनी शेडच्या फटीला डोळे लावले. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखी धग होती. टोमॅटोच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पिल्लं कोंबलेली. काही काळी रंगवलेली, काहींच्या कानांना पट्ट्या. एकाच्या पाठीवर रंगाने भाजून चट्टे पडले होते. एक पिल्लू दुसऱ्याचा कान चोखत होतं. एक हलतच नव्हतं.

"या की आत! चोरून कशाला बघता, बाळांनो?"

मागे सूर्यभान उभा होता! पांढरा शर्ट, तोंडभर हसू. तो रागावला नाही, याचीच अपेक्षाला भीती वाटली. त्याने तिघांना आत नेलं. दुधाची वाटी उचलली आणि एका पिल्लाच्या तोंडाजवळ धरली. पिल्लू धडपडत पुढे आलं, जीभ बाहेर काढली आणि सूर्यभानने वाटी मागे घेतली. पुन्हा धरली. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा पिल्लू तोंडावर आपटलं.

"उपाशी ठेवलं की वाढत नाही," तो शिकवावं तसं म्हणाला. "लोकांना लहान हवं असतं. मी लहान करून देतो."

"ही मरतील!" अपेक्षा ओरडली.

"मरतात. पण तोवर ती दुसऱ्याच्या घरी असतात."

"आम्ही मामाला सांगू! सगळ्यांना सांगू!"

"सांग की! आणि मामाला एवढंही विचार, यातली बसस्टँडवरची पिल्लं पोत्यात भरून मला कोणी आणून दिली?" सूर्यभान हसत हसत दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "निघा आता."

भागवतमामा ओसरीवर बसून दोर वळत होता. अपेक्षाने धापा टाकत सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मामा, पोत्यात तुम्ही नेलीत?"

मामाचे हात थांबले. "अगं, शहरात एक बाई गावठी पिल्लं सांभाळती म्हणला त्यो. बसस्टँडवर गाडीखाली मरतेत, त्यापेक्षा बरं म्हणून दिली नेऊन."

"आणि राणी? ती भुरीचीच आहे, मामा!"

मामाने टॉवेलातल्या राणीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "मोठ्या माणसाच्या भानगडीत पडू नका. उद्या रविवार. गिऱ्हाईक यायलंय त्याच्याकडं बाहेरगावचं. उगा तमाशा नको!"

तेवढ्यात पिंकी किंचाळली. राणीचं अंग ताठ झालं होतं, डोळे फिरले होते. "साखर कमी झाली असेल," अपेक्षाला पुस्तकातलं आठवलं. तिने गूळ पाण्यात कालवून राणीच्या हिरड्यांवर चोळला. राणीने जीभ हलवली. पिंकीला हसू फुटलं. आदिनाथने मामीच्या फोनवरून जिंतूरच्या जनावरांच्या डॉक्टर राजेश्रीबाईंना गाठलं. "गूळ चालू ठेवा, ऊब द्या. मी बाहेर आहे, उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या.

राणीला उद्याची सकाळ मिळाली नाही. दिवेलागणीच्या आधीच पिंकीच्या मांडीवर ती आणखी एकदा ताठ झाली आणि मग सैल पडली. पिंकी किती तरी वेळ तिच्या हिरड्यांना गूळ लावत राहिली. आदिनाथने हात धरला तेव्हाच थांबली.

"मोठ्यांना सांगून उपयोग नाही," अपेक्षा डोळे पुसत म्हणाली. "त्यांना दाखवावं लागेल. भुरी कुठंय?"

रविवारी सकाळी शेडसमोर मांडव, सतरंजी, खुर्च्या! परभणीहून, जिंतूरहून गाड्या आल्या होत्या. वेताच्या टोपलीत बारा पिल्लं गळ्यात लाल रिबिनी बांधून ठेवलेली. "कित्ती गोड!" म्हणून एक बाई पिल्लाचे मुके घेत होती. चारठाण्याचे निवृत्त शिक्षक दत्तोपंत गुरुजीही नातीसाठी एक पिल्लू हातात धरून उभे होते. भागवतमामा कडेला मान खाली घालून उभा होता.

अपेक्षा सरळ पुढे झाली. "काका, ही किती वर्षांची आहेत हो?" तिने मोठ्याने विचारलं.

सूर्यभानच्या कपाळावर आठी आली, पण गिऱ्हाईक समोर होतं. "दीड वर्षाची. पूर्ण वाढलेली!"

"म्हणजे आईचं दूध पीत नसतील?"

"वेडी का काय? दीड वर्षाचा कुत्रा आईचं दूध पितो?" सगळे खो खो हसले. अपेक्षाने हात वर केला.

मांडवामागे आदिनाथने भुरीच्या गळ्यातला दोर सोडला!

तीन पायांवर उड्या टाकत भुरी माणसांच्या पायांमधून घुसली आणि थेट टोपलीपाशी गेली. टोपली कलंडली. "हाड! हाड!" सूर्यभानने तिच्या बरगडीत लाथ घातली. भुरी केकाटली, पण हटली नाही. सतरंजीवर ती आडवी झाली आणि टोपलीतले सगळे 'लंडनचे' टॉय टेरियर रिबिनींत अडखळत, एकमेकांवर पडत तिच्या पोटाला जाऊन चिकटले! मांडवात फक्त चुटूचुटू चोखण्याचा आवाज ऐकू येत होता.

"अरे, ही तर बसस्टँडवरची भुरी!" कुणीसं म्हणालं.

पिंकीने ओल्या साबणाच्या फडक्याने एका पिल्लाची पाठ पुसली आणि ते काळं फडकं उंच धरलं. "बघा! रंग हाय ह्यो! आमची राणी मेली काल!"

एकच गलका उडाला. "फसवतोस?" "गावठी कुत्री विकतोस आम्हाला?" लोकांनी सूर्यभानची कॉलर धरली. आणि त्याच वेळी अपेक्षाने पाहिलं, मघा मुके घेणाऱ्या बाईने हातातल्या पिल्लाला मानगुटीला धरून सतरंजीवर टाकून दिलं. "शी! रस्त्यावरचं आहे हे!" म्हणत ती पदराला हात पुसू लागली. पिल्लू तेच होतं. रिबीनही तीच होती.

डॉक्टर राजेश्रीबाई आल्या त्या पोलिसांना फोन करूनच. शेडमधून आणखी सात पिल्लं निघाली; त्यातली दोन मेलेली होती. सूर्यभान पोलिसांच्या जीपमध्ये बसताना सगळ्यांकडे बघून म्हणाला, "तुम्हीच मागत होता की!"

मग सगळ्यांना मुलांची आठवण झाली. "शाब्बास!" "काय धाडसी पोरं!" सरपंच कडूबाईंनी अपेक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "बोल पोरी, काय बक्षीस देऊ?"

"शाब्बास म्हणणाऱ्या प्रत्येकाने एक पिल्लू घरी न्यावं," अपेक्षा म्हणाली. "भुरीला एवढी सांभाळता येणार नाहीत."

कुणाला गाडीची घाई झाली, कुणाला घरचं काम आठवलं. गुरुजींच्या हातात पिल्लू अजून होतं. "हे माझं," ते म्हणाले. "आधीच धरलंय." कडूबाईंनी एक पदरात घेतलं. आणखी तिघं लाजत लाजत पुढे आले. बस. उरलेली बारा पिल्लं आणि भुरी भागवतमामाच्या अंगणात आली.

पुढच्या चार दिवसांत त्यातली पाच गेली. दूध भरपूर होतं, पण उपासाने त्यांच्यात ते पचवायची ताकदच उरली नव्हती. दर वेळी मामा पहार घेऊन बांधावर जायचा, तापलेल्या जमिनीत खड्डा खणायचा आणि पिल्लू हाताने खाली ठेवायचा. पोतं मात्र त्याने हातात घेतलं नाही.

पाचव्या दिवशी राजेश्रीबाईंनी उरलेल्या सातांना तपासलं. सातही पोट टम्म करून भुरीभोवती लोळत होती. "ही जगतील," त्या हसून म्हणाल्या. "मुलांनो, कमाल केलीत! मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत."

पिंकी लाजून आदिनाथच्या मागे लपली. मामा दारात उभा होता. हाताची माती झटकत तो पुढे आला.

"दिसलं हुतं, मॅडम," तो म्हणाला. "पोत्यात रडायलेली बी ऐकू आली हुती. आमी बघितलं न्हाई."

राजेश्रीबाईंनी पिल्लांच्या लसीचा कागद काढला. "मालकाचं नाव काय लिहू?"

"भागवत लिहा," मामा म्हणाला. "सातीच्या सातीवर."

"आणि जात? टॉय टेरियर?"

"गावठी!" तिन्ही मुलं एकदम ओरडली.