पंत आणि आ वासणारे मासे

पंताला लपवायचं कुठे, यावर तिघांचं एकमत होईना. कपाटात कोंडावं तर तो घर डोक्यावर घेणार, गच्चीवर न्यावं तर तिथे बदकांचं राज्य. गुंडीने शिवणाची टोपली सुचवली, तेव्हा वकिलाने तिला पंताचं वजन आणि टोपलीचं वय या दोन्हींची आठवण करून दिली. पंत हा सुईचा बोका होता आणि संध्याकाळी दूधवाला त्याला न्यायला येणार होता.

तिची आई कपडे शिवणारी, ती स्वतः सडसडीत आणि जिभेला टोक, म्हणून तिला सगळे सुई म्हणत. वकील आणि गुंडी ही तिची मामेभावंडं, सुट्टीला आत्याकडे, म्हणजे सुईच्या आईकडे, आलेली. वकील अंघोळीच्या पाण्यावरूनही वाद घालायचा. गुंडी त्याची धाकटी बहीण, गोल गरगरीत. सुई आणि गुंडी एकत्र आल्या की गुंता ठरलेलाच, असं सुईचे बाबा, म्हणजे या दोघांचे काका, नेहमी म्हणायचे.

आत्याच्या दुकानाच्या पायरीवर जो प्राणी येऊन बसे, तो घरचाच होऊन जाई. तीन पायांचा कुत्रा असाच आला, बदकं आली, कुणीतरी सोडून दिलेला ससा आला आणि एका डोळ्याचा म्हातारा पंतही आला. पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीतले गोल्डफिश तेवढे आत्याने हौसेने आणलेले. गेले काही दिवस ते पाण्याच्या वरच तरंगत होते, तोंडं बाहेर काढून, आ वासून. काल त्यांच्यातला एक मेला, दोन उरले. आत्या धावत आली तेव्हा पंत टाकीच्या कडेवर होता आणि त्याचा पुढचा पंजा ओला होता. झालं! त्याच्याच धास्तीने मासे अर्धमेले झालेत, असा निकाल लागला.

"दूधवाल्याच्या गोठ्यात उंदीर भरपूर आहेत, मजेत राहील तो," आत्या म्हणाली. पण ते म्हणताना तिने सुईकडे पाहिलं नाही. गोठ्यात दोन दांडगे कुत्रेही होते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

लपवाछपवीचा विचार वकिलानेच मोडीत काढला. लपला तो गुन्हेगार, असंच लोक धरतात, असं त्याचं म्हणणं. त्यापेक्षा पंत निर्दोष आहे हे सिद्ध करायचं. कसं, ते मात्र त्यालाही सुचत नव्हतं.

दुपारी अचानक वीज गेली. पंखा थांबला आणि टाकीतले बुडबुडेही बंद पडले. आत्या दुकानात, काका मागच्या खोलीत दार लावून कामात. टाकीत हवा सोडणारा पंपच बंद पडला, तर आधीच गुदमरलेले मासे जगणार कसे? तिघं टाकीपुढे मांडी घालून बसली. पंतही स्टुलावर येऊन बसला. त्याला हाकलायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

बराच वेळ गेला. मग मोठा मासा हळूच खाली गेला. "मेला," गुंडी पुटपुटली आणि तिने डोळे मिटून घेतले. पण तो बुडाला नव्हता, पोहत होता! तळाशी जाऊन त्याने एक दगड हुंगला. थोड्या वेळाने दुसराही खाली आला. पंत हाताच्या अंतरावर बसलेला असूनही दोघं खुशाल फिरू लागले.

वीज आली. बुडबुडे सुरू झाले. तिघं पाहत राहिली आणि पाहता पाहता मासे पुन्हा वर येऊन तोंडं उघडू लागले.

"पंत तर सगळा वेळ इथेच होता," वकील सावकाश म्हणाला. "तो जवळ असून मासे बरे झाले. हवा आली आणि बिघडले. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय."

"म्हणजे मासे वर आले, म्हणून पंत बघायला आला," सुई म्हणाली. "आई उलटं समजली."

तिने पटकन पंपाची पांढरी नळी पाण्याबाहेर ओढली, नाकाजवळ धरली आणि उग्र वासाने शिंकली. मग तिघांनी नळीचा माग काढला. ती कपाटामागून गेली होती. तिथे पूर्वी पंप असायचा, आता नव्हता. नळी जोडून लांब केलेली होती आणि भिंतीतल्या भोकातून थेट काकांच्या कामाच्या खोलीत शिरली होती.

काका लाकडी सामानाला पॉलिश करायचे. वकील त्यांना सांगायला निघालाच होता, पण सुईने त्याला अडवलं. मोठ्यांना त्यांची चूक सांगितली की ते आधी रागावतात. त्यांनाच ती सापडू द्यायची, हे ती अनुभवाने शिकली होती. तिने आत्याला दुकानातून बोलावून आणलं. मग बाबांचे डोळे फडक्याने बांधले आणि हाताला धरून त्यांना टाकीपाशी आणलं. त्यांना वाटलं, सुट्टीतला खेळ असेल. नळीचं टोक तिने त्यांच्या नाकासमोर धरलं.

"ओळखा, कसला वास?"

"त्यात काय ओळखायचं? माझं पॉलिश," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "दार कुणी उघडं टाकलं? मुक्या जनावरांना वास लागू नये म्हणून मी दारंखिडक्या लावून घामाघूम होतो आणि तुम्ही..."

"दार बंदच आहे, बाबा. पंप आत आहे."

काकांनी डोळ्यांवरचं फडकं ओढलं. पंपाच्या घुरघुरीने दुपारची झोप लागत नाही, म्हणून काही दिवसांपूर्वी त्यांनीच तो आपल्या खोलीत पॉलिशच्या डब्यांच्या फळीवर नेऊन ठेवला होता. कोंडलेला सगळा वास तो इमानेइतबारे ओढत होता आणि टाकीत सोडत होता. "काल गेलेला मासाही माझ्यामुळेच," काका हळूच म्हणाले.

आत्याने वेळ घालवला नाही. टाकीचं पाणी बदलायला ती नेहमी एक बादली भरून ठेवत असे, त्यात तिने दोन्ही मासे सोडले. ते निपचित पडून राहिले. सुईला वाटलं, आपण उशीर केला.

दारात दूधवाल्याची हाक आली. बोका बांधून ठेवलाय का, त्याने विचारलं.

"तो कुठेही जात नाही," आत्या म्हणाली. "न्यायचंच असेल तर यांना न्या." काकांनी मान खाली घातली. मग त्यांनी तिघांच्या पाठीवर एकेक थाप दिली आणि म्हणाले, "अक्कल या घरात आहे, पण ती आमच्याकडे नाही."

तेवढ्यात बादलीत सळसळ झाली. मोठ्या माशाने शेपूट हलवली आणि तो एक पूर्ण फेरी मारून आला. दुसरा त्याच्या मागे. आत्या गुडघ्यांवर बसली आणि पंताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चुकलं रे माझं."

दिवसभर सुईच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता पंताला छातीशी धरून ती हमसून हमसून रडली आणि वकिलाने, आयुष्यात प्रथमच, त्यावर काही वाद घातला नाही.