रुईच्या ढिगामागची बाई

खुर्ची जरा जवळ घ्या, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही.

अमरावतीत माझं व्हिडिओ एडिटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नाच्या शूटिंगवर पोट चालतं. त्यामुळे शालूताईंचं काम आलं तेव्हा मी हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू. कॅसेटच्या जमान्यात वऱ्हाडातल्या वरातींमध्ये त्यांचीच पॉप गाणी वाजायची. पुढे घशाचं ऑपरेशन झालं, आवाज बसला आणि लोक त्यांना विसरले. आता साठीला टेकल्यावर त्यांना एकदा परत यायचं होतं.

"हे गाणं नाही चाललं, तं मी संपली रे धम्मदीप," असं त्या म्हणाल्या होत्या.

नवल म्हणजे रेकॉर्डिंगला त्यांचा आवाज एकदम लख्ख लागला, विशीतल्या पोरीचा लागावा तसा. आम्ही सगळे खूश. हा आवाज आला कुठून, असं कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.

शूटिंग अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत, भर दुपारी. हंगाम संपल्यामुळे यंत्रं बंद होती. एक रुईचा ढीग तेवढा उरलेला, आणि सरकीचा तेलकट वास. आता एक सांगतो. चित्र हळू चालवायचं असलं की सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. गाणाऱ्यानं तसेच भराभर ओठ हलवायचे. मग चित्राचा वेग निम्मा केला की ओठ मूळ गाण्यावर येतात आणि बाकी सगळं तरंगतं. ताईंची पार दमछाक झाली, पण हटल्या नाहीत. पंख्यासमोर रुई उडत होती. ढिगामागे कोणी नव्हतं, मी स्वतः तिकडून फिरून आलो होतो.

दुकानात येऊन मी चित्र हळू केलं. रुई तरंगायला लागली. ताईंचे केस, पदर, पापण्या, सगळं संथ झालं. आणि ढिगामागे एक बाई उभी होती.

हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. ती संथ नव्हती. तिनं पदर सावरला तो तुम्ही-आम्ही सावरतो तेवढ्याच वेगानं. मान डोलावत ती गात होती, आणि तिचा प्रत्येक शब्द गाण्यावर चपखल बसत होता. मी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.

ताईंना बोलावून दाखवलं. त्यांची भाची रश्मी सोबत होती, ती तर खुर्चीतून उठून दाराशीच गेली. ताई मात्र बघत राहिल्या.

"जमुना..."

"कोण जमुना?"

"माही कोरसवाली. हे गाणं तिनंच बसवलं होतं. रेकॉर्डिंग व्हायच्या आधीच गेली बिचारी. मी कोणाले तिचं नावच नाही सांगतलं."

"मग तिला राहू द्यायचं का, ताई?"

स्क्रीनवरच्या त्या बाईवर ताईंनी बोट ठेवलं, आणि पोळल्यासारखं मागे घेतलं.

"काढ तिले. आता तरी लोकायनं मलेच पाहिलं पाहिजे."

मला त्यांची दया आली, आणि त्या दुसरीचीही आली. पण काम ते काम. चित्राची एकेक चौकट घेऊन मी तिला पुसत गेलो. पुसताना तिचे ओठ सगळ्यात शेवटी गेले. मागे नुसता ढीग उरला. गाणं अपलोड झालं आणि संध्याकाळपर्यंत लोकांनी डोक्यावर घेतलं. शालूताई परत आल्या, असं ज्याच्या त्याच्या तोंडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मीचा फोन आला. मला वाटलं, पेढे खायला बोलावते आहे.

"दादा... आत्याचे ओठ उघडूनच नाही राहिले."

"म्हणजे?"

"उठली तवापासून मिटलेलेच हायेत. चमच्यानं उघडून पाह्यले, नाही उघडत. डोयातून नुसतं पाणी येऊन राहिलं. आमी दवाखान्यात घेऊन चाललो."

तिच्या बोलण्यामागे गाणं जोरात चालू होतं. तोच लख्ख आवाज.

"आधी ते गाणं बंद कर रश्मी, मला नीट ऐकू येत नाही."

गाणं मात्र चालूच होतं.

"दादा, गाणं लावलंच नाही कोणी," ती अगदी हळू म्हणाली. "मी फोन आत्याच्या छातीपाशी धरला हाय..."