हिरवी पडलेली तार

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी उजव्या हातावर! बशीरमिस्त्रींच्या हातातली पक्कड खाली पडली.

हीना, तिचा धाकटा भाऊ अरसलान आणि वर्गमित्र कुलदीप दुकानामागे सायकलींत हवा भरत होते. दिवाळीच्या सुट्टीत रोहिणखेड गाठायचा बेत होता. आरडाओरडा ऐकून तिघं पुढे धावले, तर काय! मलकापूरच्या भर चौकात महादेवराव हीनाच्या अब्बांना बदडत होते. महादेवराव म्हणजे कुलदीपचे वडील!

"माह्या थोरल्या पोराचा, प्रेमानंदचा पाय मोडला! आपल्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा डावा लाइट बंद, म्हणून काल धडकला तो मोटारसायकलनं. वायर तूच जोडली होती ना बे?"

"मीच जोडली. पण माहा जोड सुटत नाही, भाऊ!" बशीर कसेबसे बोलले. ओठातून रक्त गळत होतं.

कोणीतरी दुकानाच्या काचेवर दगड घातला. "पेटवा दुकान!" ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांनाच जास्त चेव आला होता.

"कुलदीप, ट्रॉली कुठं हाय?" हीनानं विचारलं.

"कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी. चाल!"

हीना ट्रॉलीखाली शिरली. उजव्या लाइटच्या तारांवर अब्बांचे जोड होते. प्रत्येक जोडावर धातूची नळी दाबून बसवलेली, वर रबर, आणि एक जोड पुढे तर दुसरा मागे, म्हणजे ते एकमेकांना चिकटणार नाहीत. डावीकडे मात्र नुसता पीळ आणि लोंबणारी टेप! आतलं तांबं हिरवं पडलेलं.

"हे अब्बाचं काम नाहीच!"

"पोळ्याले इथंच रंगीत लाइटाची झालर लावली होती," कुलदीप ओरडला, "शालिग्रामकाकानं!"

"काय करून राह्यले बे?" ट्रॅक्टरचा ड्रायव्हर शालिग्राम मागेच उभा होता! त्यानं वेणी धरून हीनाला फरफटत बाहेर ओढलं. कुलदीपनं त्याच्या पोटात डोकं घातलं. शालिग्रामनं त्याला असं भिरकावलं, की त्याचं कपाळ चाकावर आपटून फुटलं. अरसलाननं शालिग्रामच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला!

"अरसलान, पळ!" हीना किंचाळली. "चौकात सांग, कुलदीपले मारून राह्यले!"

ही मात्रा बरोबर लागू पडली. बशीरना सोडून महादेवराव आणि सगळी गर्दी धावत आली.

"मालक, पोरं वायरी तोडत होते!" शालिग्राम म्हणाला.

"काका, दोन्हीकडचे जोड ओढून पाहा," हीना म्हणाली.

डावा जोड चिमटीतच निघाला. उजवा महादेवरावांनी पाय रोवून, दोन्ही हातांनी ओढला. हलेल तर शपथ!

शालिग्रामचं तोंड उतरलं. "झालर लावाले जोड तोडला होता, काढली तवा नुसता पीळ देल्ला, मालक. वाटलं, चालते..."

महादेवरावांनी काठी उगारली. हीनानं ती वरच्यावर धरली. "बस झालं मारणं!"

त्यांची मान खाली गेली. "शाबास, पोरी. तुह्या अब्बाची माफी मागतो. संध्याकाळी घरी येतो."

"घरी नाही, काका. मारलं चौकात, माफीबी चौकातच मागा!"

महादेवराव काठी टाकून चौकाकडे निघाले, मागोमाग मुलं आणि गर्दी.

चौकात बशीर सुजलेला हात पोटाशी धरून बसले होते. महादेवरावांनी टोपी काढली, सगळ्यांदेखत हात जोडले. "चुकलो, बशीरभाई. तुही पोर माह्यापेक्षा शहाणी निघाली."

बशीरचं लक्षच नव्हतं. ते धडपडत उठले आणि डाव्या हातानं त्यांनी कुलदीपच्या कपाळावर रुमाल दाबला.

"माफी मंग, भाऊ. आधी गाडी काढा, पोराले टाके लागतील!"

महादेवराव तिथंच ढसाढसा रडू लागले.