वरचे चौसष्ट

जपाला बसले की मी बोलत नाही, हा माझा नेम. नाहीतर त्या सकाळी त्याला दोन शब्द नक्की ऐकवले असते.

सांडोरच्या आमच्या रामाच्या देवळात मी डोळे मिटून बसले होते. एक माळ संपली की वाटीत एक गुंज टाकायची, अशी माझी मोजदाद. कुणाचा तरी पाय लागला आणि लाल गुंजा फरशीभर घरंगळल्या. पाहते तर एक चष्मेवाला गुडघ्यांवर बसून समईखाली हात घालतोय.

बऱ्याच वेळाने त्याने वाटी पुढे ठेवली. “सॉरी… नऊशे तीन सापडल्या. बरोबर?”

बरोबर होत्या. त्याचाच जास्त राग आला.

हर्षवर्धन त्याचं नाव. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, कॉलेजात गणित शिकवणारा. आईला दर्शनाला घेऊन आला होता. मग आईशिवायही येऊ लागला. माझा जप संपायची वाट बघायची आणि विचारत सुटायचं. संकल्प कितीचा? सव्वा लाखाचा — आमच्या आबांचं डोळ्याचं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून. त्याचा चेहराच उजळला. सव्वा लाख म्हणजे पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणे. दुसऱ्या दिवशी मात्र तोंड पाडून आला. सव्वा लाखाच्या अंकांची बेरीज आठ, म्हणजे तीनने भाग जात नाही, मग एकशे आठच्या माळेने कुठून जाणार? शेवटची माळ चव्वेचाळिसाव्या मण्यावरच थांबणार.

“माळ अर्धी सोडत नाहीत,” मी हळूच म्हटलं.

“मग चौसष्ट जास्त होतील.”

“होऊ देत. रामाची तक्रार नाही, तुमचीच आहे.”

“चौसष्ट म्हणजे चार गुणिले चार गुणिले चार. छान आकडा आहे हो… वाया घालवू नका.”

इतका वैताग! डोळे मिटले की रामाऐवजी आकडे दिसायचे. रामालाच सांगितलं, याला दुसरा काही छंद लाव. तर या पठ्ठ्याने आपल्या आईलाच आमच्या घरी मागणी घालायला धाडलं. संकल्प पुरा होईपर्यंत लग्नाचा विषय नको, असं मी घरात आधीच सांगून ठेवलेलं. माझ्या आईने तेच त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर त्याने विचारलं, “ते वरचे चौसष्ट… माझ्यासाठी म्हणाल?”

“जप असा वाटून देत नाहीत,” म्हणत मी चपला घातल्या.

मग तो यायचाच बंद झाला. आता त्याचाही वैताग. कुणी काही विचारत नव्हतं, तरी माझं लक्ष दाराकडेच.

आबांचं ऑपरेशन नीट झालं. शेवटच्या माळेला बसले, तेव्हा तो दाराशी येऊन बसला होता. चव्वेचाळिसावा मणी आला… बोटं क्षणभर थांबली. मग पुढचा मणी ओढला, अगदी सावकाश, आणि त्याच्या पुढचा.

माळ पुरी करून उठले. प्रसादाची सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, त्याच्या हातावर ठेवली.

“आबांचं चव्वेचाळीसलाच पुरं झालं,” मी म्हटलं.

“आणि… राहिलेले?”

“राहिलेत कुठे? सगळे म्हणून झाले.”

तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. गणिताचा मास्तर, आणि एवढ्या सोप्या उत्तराला इतका वेळ!

“आईंना सांगा,” शेवटी मलाच म्हणावं लागलं, “होकार आहे.”